रस्त्यांचे जयकर

बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांचे (१८७३–१९५९) नाव निघाले की पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू तेवढे आठवतात. शहापुरात माझ्याकडे गाणे शिकायला मुले चिखल तुडवीत आली की मला मात्र त्यांची १९२७ सालची रस्ते-समिती आठवते. तिच्या शिफारशीवरून १९२९ साली पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि तो रस्त्यांसाठीच राखला गेला. केवढी मोठी गोष्ट! वाटणी मात्र पेट्रोलच्या खपावर ठरली. रस्ता नाही म्हणून मोटार नाही, मोटार नाही म्हणून पैसा नाही. तेव्हा सांगली संस्थानात असलेल्या या विणकरांच्या पेठेने करावे काय? जयकर पुढे फेडरल कोर्टात व प्रिव्ही कौन्सिलात न्यायासनावर बसले. त्यांच्या मागे चार दशकांनी, २००० सालच्या कायद्यानंतर, राज्यांच्या वाट्यात क्षेत्रफळही धरले जाऊ लागले.