बिरबल साहनी : दगडातली फुले वाचणारा माणूस

१४ नोव्हेंबरला आपण मंडळात बालदिन साजरा करतो. त्याच तारखेला, १८९१ साली, पंजाबातील भेरा या गावी बिरबल साहनी यांचा जन्म झाला. वडील रुचिराम लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. मुलांना घेऊन ते डोंगरात भटकायला जात. बिरबलना वनस्पतींची गोडी लागली ती तिथेच.

१९११ मध्ये ते केंब्रिजला गेले. तिथे प्रा. सीवर्ड यांच्या हाताखाली ते जीवाश्म वनस्पती अभ्यासू लागले. १९१९ मध्ये परतल्यावर बनारस आणि लाहोर येथे थोडा काळ शिकवून १९२१ पासून ते लखनौ विद्यापीठाचे झाले ते कायमचे. १९३६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो निवडले.

आम्हा माळव्यातल्या मराठी मंडळींचा साहनींशी संबंध येतो तो आपल्या पायाखालच्या काळ्या दगडामुळे. हा दगड म्हणजे दख्खनच्या पठारावर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हा. लाव्ह्याचे एकेक लोट येत, मधे उसंत मिळे, तळी साचत, झाडे उगवत. मग पुढचा लोट त्यांना गाडून टाकी. अशा मधल्या थरांतील गारगोटीसारख्या दगडांत झाडांचे खोड, फळ, फूल जसेच्या तसे राहिले. छिंदवाडा भागातील सौंसर, मोहगाव कलां ही त्यांची प्रसिद्ध ठिकाणे, आणि हा मुलूख आपल्यापैकी अनेकांच्या आजोळचा.

सौंसरच्या दगडांतून साहनींनी अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याचे वर्णन केले. मोहगावच्या एका फळाला १९४३ मध्ये त्यांनी एनिग्मोकार्पॉन, म्हणजे कोड्यात टाकणारे फळ, असे नाव दिले. तिथेच सापडलेल्या एका फुलाला पुढच्या वर्षी शुक्ला यांनी सहानिअँथस हे नाव दिले. हे फूल त्याच फळाच्या झाडाचे, असे पुढे मानले गेले.

हे थर डायनोसॉर संपण्याच्या आधीचे की नंतरचे, हा तेव्हा मोठा वाद होता. ताडासारखी झाडे पाहून साहनींनी ते नंतरचे ठरवले. आज उत्तर मिळते ते मुख्यतः परागकणांतून. परागकणाचे बाहेरचे कवच इतके चिवट असते, की दगड आम्लात विरघळला तरी ते उरते. मध्य भारतातील काही थरांत ॲक्विलापोलेनाइट्स नावाचे पराग मिळाले. हे पराग महासंहाराच्या सीमेनंतर जवळजवळ दिसेनासे होतात, म्हणून ते थर आधीचे ठरले. छिंदवाड्याजवळच्या झिलमिलीचे थर मात्र सीमेनंतरचे निघाले. म्हणजे लाव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंना वाहत होता, आणि साहनी अर्धे बरोबर होते. अमेरिकेत तर सीमेच्या थरावर फुलझाडांचे पराग एकदम घटून नेच्यांचे बीजाणू वाढलेले दिसतात. उजाड जमिनीवर आधी नेचे उगवतात, तसेच.

साहनींची एक चूकही सांगायला हवी. आपल्या मूळ गावाजवळच्या सॉल्ट रेंजमधील मिठात त्यांना वनस्पतींचे सूक्ष्म तुकडे मिळाले आणि त्यावरून त्यांनी ते मीठ बरेच अलीकडचे मानले. भूशास्त्रज्ञांनी ते मान्य केले नाही, आणि आज ते मीठ ५० कोटी वर्षांहून जुने मानले जाते. असा सूक्ष्म कण बाहेरूनही शिरू शकतो, हा धडा परागशास्त्र आजही विसरत नाही.

१९४६ मध्ये त्यांनी लखनौला पुराजीव वनस्पतींची संस्था सुरू केली आणि आपला ग्रंथसंग्रह व जीवाश्म तिला दिले. ३ एप्रिल १९४९ रोजी पं. नेहरूंच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. त्या शिलेत साहनींनी देशोदेशीचे जीवाश्म जडवले होते. जेमतेम आठवडाभरात, १० एप्रिलला, हृदयविकाराने ते गेले. पुढचा भार पत्नी सावित्रीबाईंनी उचलला आणि इमारत पूर्ण करून दाखवली. संस्था आज त्यांच्याच नावाने चालते आणि मोहगावचे दगड आजही वाचले जातात.

पुढच्या सुट्टीत सौंसरकडे गेलात, तर मुलांना शेताच्या बांधावरचे पांढरट गारगोटीचे दगड जरूर दाखवा. आम्हालाही हे फार उशिरा कळले.