हाडाचा कॅन्सर की साधी दुखापत? एक्स-रेवरच्या त्रिकोणाला ज्यांचं नाव मिळालं ते डॉ. कॉडमन

एक्स-रेमध्ये हाडाच्या कडेला कधीकधी छोटासा त्रिकोण दिसतो. तो दिसला की डॉक्टर सावध होतात, कारण ती हाडाच्या कॅन्सरची खूण असू शकते. त्याला जगभर ‘कॉडमनचा त्रिकोण’ म्हणतात.

अर्नेस्ट कॉडमन यांचा जन्म १८६९ चा, बोस्टनचा. १८९५ साली ते हार्वर्डमधून डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी क्ष-किरणांचा शोध लागला. कॉडमन लगेच त्या नव्या यंत्राच्या मागे लागले.

माणूस मात्र हट्टी. ऑपरेशननंतर पेशंटचं पुढे काय झालं, याची नोंद प्रत्येक डॉक्टरने ठेवावी हा त्यांचा आग्रह. १९११ मध्ये त्यांनी स्वतःचं छोटं हॉस्पिटल काढलं आणि १९१६ पर्यंतच्या ३३७ पेशंटमध्ये झालेल्या १२३ चुका स्वतःच छापून टाकल्या! १९१५ मध्ये भर सभेत बोस्टनच्या डॉक्टरांची खिल्ली उडवणारं व्यंगचित्र दाखवलं आणि शहराची नाराजी ओढवून घेतली.

हाच हट्ट हाडांच्या बाबतीत कामी आला.

तेव्हा हाडाचा कॅन्सर म्हणजे बहुतेकदा हात किंवा पाय कापणं. पण मोडलेलं हाड जुळतानाही नवं हाड तयार होतं, मुका मार लागलेल्या स्नायूतही कधी हाड धरतं. फोटोत हे गाठीसारखंच दिसतं. त्यात हा कॅन्सर दुर्मीळ, एकेका सर्जनला अशा केसेस मोजक्याच बघायला मिळायच्या. म्हणून १९२० च्या सुमारास कॉडमननी देशभरातल्या केसेस एका नोंदवहीत गोळा करायला घेतल्या. एक्स-रे, गाठीचा तुकडा आणि पेशंटचं पुढे काय झालं, तिन्ही एकत्र. ‘बरे झालेल्या’ काहींना मुळात कॅन्सर नव्हताच, हेही त्यातून पुढे आलं.

आता तो त्रिकोण. झपाट्याने वाढणारी गाठ हाडावरचं पातळ आवरण उचलते आणि उचललेल्या कडेशी नवं हाड बनतं. पण आवरणाखाली पू किंवा रक्त साचलं तरी तसंच होतं. त्यामुळे नुसत्या त्रिकोणावर निदान करत नाहीत. बारीक फ्रॅक्चरची रेघ शोधतात, गरज पडली तर काही आठवड्यांनी पुन्हा फोटो काढतात. दुखापत असेल तर ती भरून येताना दिसते. माराने स्नायूत धरलेलं हाड बाहेरच्या कडेने आधी पक्कं होतं, कॅन्सरच्या गाठीत ते बहुधा मध्यभागी जास्त दाट असतं. तरीही शंका उरली तर तुकडा काढून तपासतात.

कॉडमन १९४० मध्ये गेले. त्यांच्या कबरीवर नावाचा दगड बसला तो थेट २०१४ साली.