Explained: मंडईला विरोध करणाऱ्या जोतीरावांचंच नाव मंडईला कसं? नगरपालिकेतल्या महात्मा फुलेंची गोष्ट

शिरवळहून जुन्या रस्त्याने पुण्याला जाताना कात्रजचा बोगदा लागतो. त्याच्या बांधकामात महात्मा जोतीराव फुले यांच्या कंपनीचा सहभाग होता. सावित्रीबाईंचं माहेर नायगाव तर शिरवळच्या शेजारीच, खंडाळा तालुक्यात. शाळा काढणारे जोतीराव सगळ्यांना माहीत आहेत. पण ते पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते, हे अनेकांना ठाऊक नसतं.

नगरपालिकेत येण्याआधी...

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. १८६८ मध्ये स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. पोटापाण्यासाठी ते कंत्राटदारी करत. त्यामुळे दगड, चुना आणि मजुरीचा हिशेब त्यांना चांगला कळत होता.

वाद कशावरून झाला?

१८७६ मध्ये सरकारने त्यांना नगरपालिकेवर नेमलं. १८८० मध्ये व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी १ हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, अशी भूमिका जोतीरावांनी घेतली. विरोधात मत देणारे ते एकटेच होते. ठराव मंजूर झाला.

दुसरा वाद इमारतीचा. त्या काळी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरायचा. त्यासाठी सुमारे ३ लाख रुपये खर्चून नवी मंडई बांधायचं ठरलं. जोतीराव आणि हरी रावजी चिपळूणकर यांनी १८८२ मध्ये विरोध केला. आधी शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. इथेही त्यांचं चाललं नाही. १८८६ मध्ये अष्टकोनी मनोऱ्याची, आठ पाख्यांची देखणी इमारत सुरू झाली. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला 'रे मार्केट' नाव मिळालं.

मग ते इमारतींच्या विरोधात होते का?

नाही. बांधकाम हा तर त्यांचा व्यवसायच होता. प्रश्न होता तो आधी कोणाची गरज भागवायची हा. घरचा हौद खुला करताना त्यांनी नवं काही बांधलं नव्हतं, फक्त अडवणूक काढून टाकली होती.

पुढे काय झालं?

१८८८ मध्ये मुंबईत लोकांनी त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचं निधन झालं. त्यानंतर अनेक वर्षांनी आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे मार्केटचं नाव 'महात्मा फुले मंडई' झालं. ज्या इमारतीच्या खर्चाला जोतीरावांनी विरोध केला, तिथेच आज भाजीवाले आणि गिऱ्हाईक त्यांचं नाव रोज घेतात.

आज याचा काय उपयोग?

तुमच्या गावात नगरपंचायतीची किंवा ग्रामपंचायतीची नवी इमारत होणार असेल, तर आराखडा पाहताना काचा आणि कमानी नंतर बघा. आधी हे तपासा: म्हाताऱ्या माणसाला पायऱ्या न चढता आत येता येतं का? दाखल्यासाठी थांबलेल्या बाईला बसायला बाक, प्यायला पाणी आणि स्वच्छतागृह आहे का? कोणतं काम कुठल्या टेबलावर होतं, हे साध्या मराठीत लिहिलंय का? आणि या सगळ्यासाठी कुठला खर्च कमी केला, हेही ग्रामसभेत किंवा नगरसेवकाला विचारा. जोतीराव सभेत हाच हिशेब मागत होते.