व्ही. शांताराम यांनी सरकारी युद्धपटांचे काम का सोडले?

व्ही. शांताराम म्हटले की ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘दो आँखें बारह हाथ’ हे चित्रपट आठवतात. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश सरकारच्या प्रचार लघुपटांची जबाबदारीही घेतली होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

कोल्हापूर ते पुणे

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापुरात झाला. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत ते सिनेमा शिकले. १९२९ मध्ये भागीदारांसह त्यांनी ‘प्रभात’ काढली. १९३३ मध्ये कंपनी पुण्यात आली.

सरकारी लघुपट

१९३९ मध्ये भारतीय नेत्यांना न विचारताच व्हाइसरॉयने भारताला युद्धात ओढले. युद्धाची झळ लवकरच घराजवळ आली. मुंबईहून कुळगाव-बदलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि उल्हासनगर वसले.

लोकमत युद्धाच्या बाजूने वळवण्यासाठी सरकारने १९४० मध्ये ‘फिल्म अॅडव्हायझरी बोर्ड’ नेमले. लघुपट निर्मितीसाठी ब्रिटनहून अलेक्झांडर शॉ आले. ते परतल्यावर ही सूत्रे शांतारामांकडे आली.

यात मोठा पेच होता. नाझींचा पराभव व्हावा असे अनेक भारतीयांना वाटत होते. पण स्वातंत्र्य नाकारणाऱ्या सरकारचा प्रचार कसा करायचा? ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’चा ठराव झाला, नेते तुरुंगात गेले. त्या वर्षी शांतारामांनी हे काम सोडले. ‘प्रभात’मधूनही बाहेर पडून त्यांनी मुंबईत ‘राजकमल कलामंदिर’ उभारले.

१९४३ मध्ये बोर्डाच्या जागी ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ आली. तिचे लघुपट दाखवणे चित्रपटगृहांना सक्तीचे झाले.

स्वतःचा युद्धपट

१९४६ मध्ये शांतारामांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ आणला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले, जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांची भूमिका शांतारामांनी स्वतः केली.

चीन ब्रिटनचे मित्रराष्ट्र होते. म्हणजे बाजू तीच, शत्रूही तोच. पण या पडद्यावरचा भारतीय साम्राज्याच्या हुकमाने परदेशी गेलेला नव्हता. तो स्वतःच्या इच्छेने गेला होता. सरकारी लघुपटांना हे सांगणे शक्य नव्हते.

३० ऑक्टोबर १९९० रोजी मुंबईत शांतारामांचे निधन झाले.