आर्न्सडॉर्फचे ग्रूबर मास्तर

नाताळच्या मध्यरात्री आपल्या गोव्यातील इगर्जींतून जी गीते ऐकू येतात, त्यांत एक अतिशय संथ, अंगाईसारखे गीत असते. मूळ जर्मन भाषेत त्याचे नाव ‘श्टिले नाख्ट’, म्हणजे ‘शांत रात्र’. कोंकणीत गायिले जावो वा इंग्रजीत, चाल तीच असते. ही चाल बांधणारा मनुष्य कोणा राजदरबारचा संगीतकार नव्हता. तो एका खेड्यातील शाळामास्तर होता. त्याचे नाव फ्रान्झ झेव्हर ग्रूबर. ज्या संत फ्रान्सिस झेवियरचे शव जुन्या गोव्यात आहे, त्याचेच हे नाव, हे गोमंतकीय वाचकांस सांगावयास नकोच.

फ्रान्झचा जन्म २५ नोव्हेंबर १७८७ रोजी ऑस्ट्रियातील होखबुर्ग या गावानजीक एका गरीब विणकराच्या घरी झाला. मुलाने मागावर बसावे, चार पैसे मिळवावे, एवढीच बापाची अपेक्षा. संगीत म्हणजे रिकामपणाचा उद्योग! परंतु गावचे शिक्षक पेटरलेखनर यांनी मुलाचा कान ओळखला आणि बापाच्या नकळत त्याला शिकवावयास प्रारंभ केला. घरी वाद्य नव्हते. म्हणून भिंतीच्या फटींत लाकडाचे तुकडे खोचून फ्रान्झ त्यांवर बोटे चालवीत असे, असे सांगतात. तो बारा वर्षांचा असताना गुरुजी आजारी पडले आणि इगर्जीत ऑर्गन वाजविण्यास कोणी उरले नाही. (हा ऑर्गन आपल्या नाटकमंडळ्यांच्या पायपेटीएवढा नव्हे, उंच नळ्यांचे ते प्रचंड वाद्य.) फ्रान्झने ते वाजविले. तेव्हा कुठे बापाचे मन वळले. तरीही अठराव्या वर्षापर्यंत माग सुटला नाही.

१८०६ साली शिक्षकाची परीक्षा देऊन पुढच्या वर्षी ते आर्न्सडॉर्फ या खेड्यात रुजू झाले. त्या काळी तिकडे खेड्यातला मास्तर म्हणजे एकात तीन माणसे: मुलांना शिकवावयाचे, इगर्जीची व्यवस्था पाहावयाची आणि उपासनेच्या वेळी ऑर्गनही वाजवावयाचा. त्यांनी आपल्या आधीच्या मास्तरांच्या विधवेशी विवाह केला. पुढे ती वारल्यावर दुसरा आणि मग तिसरा विवाह झाला. बारा अपत्यांपैकी चारच मोठी झाली. किती तान्ह्या पाळण्यांजवळ त्या माणसाने रात्री काढल्या असतील!

१८१६ पासून शेजारच्या ओबर्नडॉर्फ गावचे ऑर्गनवादनही त्यांनी पत्करले. पुढे तेथील शिक्षकाची जागा मिळेल, ही आशा त्यामागे होती. ओबर्नडॉर्फ हे झाल्झाख नदीवरील नावाड्यांचे गाव. नेपोलियनची युद्धे नुकतीच संपली होती आणि नव्या करारान्वये नदीच राज्याची सीमा ठरल्याने गावाची जुन्या शहरापासून ताटातूट झाली होती. अशा गांजलेल्या गावी योझेफ मोऽर नावाचा तरुण पाद्री सहायक म्हणून आला. २४ डिसेंबर १८१८ रोजी त्याने आपली एक कविता ग्रूबर मास्तरांपुढे ठेवली आणि दोन आवाज, समूहस्वर व गिटार यांसाठी तिला चाल लावण्याची विनंती केली. त्याच दिवशी चाल तयार झाली, त्याच रात्री गीत गायिले गेले. वरचा स्वर व गिटार मोऽरची, खर्जाचा स्वर मास्तरांचा. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही कथा मोठी गमतीची आहे. परंतु मास्तरांनी स्वतः लिहिलेल्या हकीकतीत तिचा मागमूस नाही.

त्यानंतर दोघांच्याही वाटा वेगळ्या झाल्या. ओबर्नडॉर्फची जागा ग्रूबर यांना कधीच मिळाली नाही. १८२९ साली ते बेर्नडॉर्फला आणि १८३५ साली मिठाच्या खाणींच्या हालाइन गावी गेले. गीत मात्र त्यांना न विचारता प्रवासास निघाले. एका ऑर्गन बांधणाऱ्या कारागिराने ते टिरोल प्रांतात नेले. तेथील हातमोजे विकणाऱ्या एका कुटुंबाने ते १८३२ साली लाइपझिश शहरात गायिले. १८३९ साली ते न्यूयॉर्कला पोहोचले. छापले गेले ते टिरोलचे लोकगीत म्हणून. कर्त्यांची नावे कोठेच नव्हती.

१८५४ साली बर्लिनच्या राजवाड्यातील गायकवृंदाने साल्झबुर्गला चौकशी केली, की ही चाल मायकेल हायडन या थोर संगीतकाराची आहे काय? योगायोगाने ग्रूबर यांचा मुलगा फेलिक्स तेथेच गाणारा होता. त्याच्याकडून ही गोष्ट पित्याच्या कानी गेली. सदुसष्ट वर्षांच्या मास्तरांनी ३० डिसेंबर १८५४ रोजी खरी हकीकत लिहून काढली. तीत राग नाही, तक्रार नाही, मोठेपणाचा एक शब्दही नाही. कविता मोऽरची, हे त्यांनी स्वच्छ लिहिले. वास्तविक, त्या वेळी मोऽर हयात नव्हता. १८४८ साली तो निर्धन अवस्थेत वारला होता, आणि खोडून काढणारे दुसरे कोणी नव्हते.

ग्रूबर ७ जून १८६३ रोजी हालाइन येथे वारले. ओबर्नडॉर्फची ती इगर्जी पुरांनी खिळखिळी होऊन पुढे पाडण्यात आली. तरीही काही लोकांना शंका होतीच, की साध्या मास्तराला हे कसे साधले? १९९५ साली मोऽरच्या हस्ताक्षरातील, सुमारे १८२० सालचा एक कागद सापडला. त्यावर स्वरलिपी आहे, खाली पाद्र्याने आपली सही केली आहे, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात चाल बांधणारा म्हणून नाव लिहिले आहे ते ग्रूबर मास्तरांचे.