चित्रकार फैझी-रहामिन

सॅम्युएल रहामिन यांचा जन्म १८८० साली पुण्यात एका बेने इस्रायल कुटुंबात झाला. कोकण किनाऱ्यावर शतकानुशतके स्थिरावलेला हा ज्यू समाज शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत असल्यामुळे शनवार तेली म्हणून गावोगाव ओळखला जाई. त्याची प्रार्थना हिब्रू, पण घरची भाषा मराठी. जिथे उपासनेत प्रतिमेला स्थान नाही अशा समाजातील मुलाने पुढे रागिण्यांची रूपे रंगवावीत, हे नवलच म्हटले पाहिजे.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर ते लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या शाळेत दाखल झाले. जॉन सिंगर सार्जंट व सॉलोमन जे. सॉलोमन यांच्यासारखे व्यक्तिचित्रणातील दिग्गज तेथे त्यांना गुरू लाभले. तैलरंगातील ही विद्या घेऊन ते १९०८ साली परतले. संस्थानिकांच्या तसबिरी रंगवून सुखाने आयुष्य काढता येईल, असा तो काळ होता. सुरतेच्या सीमेला भिडलेला नवसारी प्रांत ज्यांच्या राज्यात होता, त्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना बडोद्याचे कलाविषयक सल्लागार नेमले.

परंतु रहामिन यांनी मिळवलेली विद्याच हळूहळू बाजूस सारली आणि ते राजपूत चित्रांच्या सपाट रंगांकडे व बोलक्या रेषेकडे वळले. बंगालात अवनींद्रनाथ ठाकुरांनी स्वदेशी चित्रपरंपरेची वाट आधीच धरली होती; रहामिन मात्र थेट सार्जंटच्या हाताखालून येऊन या वाटेला लागले. परदेशात राहिल्यानेच त्यांना आपले काय ते दिसले असावे.

या पालटात अतिया फैझी यांचाही वाटा मोठा होता. सुलेमानी बोहरा घराण्यातील, लंडनला शिकून आलेल्या या विदुषीची बहीण जंजिऱ्याच्या नवाबाकडे दिलेली होती. म्हणजे पुन्हा कोकणच. १९१२ साली विवाह झाला, रहामिन यांनी इस्लाम स्वीकारला आणि दोघांनी एकमेकांची आडनावे जोडून घेतली. अतियांचा व्यासंग भारतीय संगीताचा. रागिणी तोडीसारखी चित्रे या सहवासाच्या पार्श्वभूमीवर पाहिली म्हणजे अधिक उलगडतात. १९१४ साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. लंडनच्या टेट संग्रहालयानेही त्यांची चित्रे घेतली.

नव्या दिल्लीच्या सचिवालयातील घुमट त्यांनी १९२६ ते १९३० च्या दरम्यान रंगवले. लघुचित्राची रेषा एवढ्या विस्तारावर पेलायला लंडनची तालीमच कामी आली असणार. नाकारलेली विद्या अशी कुठे ना कुठे हातात उरतेच. जे. जे. चे संचालक ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्याशी मात्र त्यांचे कधी जमले नाही. भारतीय भिंतींवर कोणती कला शोभावी, हा वाद दोघांत होता, आणि तो केवळ व्यक्तिगत नव्हता.

फाळणीनंतर जीनांच्या निमंत्रणावरून हे दांपत्य कराचीस गेले. जीनांच्या पश्चात तो आधार राहिला नाही. राहते घर सोडावे लागले, हलाखीही वाट्यास आली. पुण्याचा हा चित्रकार १९६४ साली कराचीत निवर्तला. तीन वर्षांनी अतियाही गेल्या. फाळणीमुळे भारतीय कलेच्या इतिहासात त्यांची नोंद त्रोटक राहिली, आणि पाकिस्तानच्या कलेचा आरंभ पुढच्या पिढीपासून धरला जात असल्याने तिथेही ती फारशी विस्तारली नाही.