कै. माधव ज्यूलियन व मरणचिंतन

तेराव्याच्या जेवणावळीस कर्ज काढणारे आपले लोक जिवंतपणी मात्र मरणाचा विचार अशुभ मानतात, आणि स्मशानात आलेले वैराग्य वेशीच्या आत येईपर्यंतही टिकत नाही. या दोन्ही वाटा सोडून मरणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्या एका कवीने आमच्या करवीर नगरीत सुमारे अकरा वर्षे अध्यापन केले. ते प्रो. माधव त्र्यंबक पटवर्धन, अर्थात् माधव ज्यूलियन होत.

त्यांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्यास झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते १९१८ पासून फार्सी शिकवीत; १९२४ साली लोकापवादाच्या वावटळीत ते पद सुटले. पुढे १९२८ साली राजाराम कॉलेजाने त्यांस जवळ केले, ही गोष्ट या शहरास भूषणावह होय.

दुसऱ्याच वर्षी त्यांनी उमर खय्यामच्या रुबाया मूळ फार्सीतून मराठीत आणल्या. खय्याम हा निशापूरचा गणिती व ज्योतिषी. ग्रहगतीचे हिशेब मांडणाऱ्या त्या पुरुषाच्या नावावर असलेल्या रुबायांत मृत्यूचे गणित सुटल्याचा आव कोठेच नाही. चाकावरची माती पूर्वी कोणाचा तरी देह होती, ही त्यांतील कल्पना शाहुपुरीच्या कुंभार गल्लीतून जाणाऱ्यास सहज उमजावी. इंग्रज कवी फिट्झजेराल्ड याने १८५९ साली या सुट्या रुबाया एका सूत्रात ओवल्या. पुढे त्या जगभर गाजल्या, परंतु लोकांच्या ध्यानी मद्याचा पेला तेवढा राहिला. पटवर्धनांनी १९३१ साली त्या इंग्रजी अवतारासही 'द्राक्षकन्या' या नावाने मराठी रूप दिले. मूळ व रूपांतर ही दोन्ही वाचकांपुढे ठेवून निवाडा त्यांजवर सोपविणे, हा प्रामाणिकपणा आम्हांस थोर वाटतो.

हुंडीची मुदत ठाऊक असलेला व्यापारी दुकानास कुलूप लावून बसत नाही. पटवर्धनांनीही 'छंदोरचना' हा १९२७ चा ग्रंथ दहा वर्षांनी पुन्हा नव्याने सिद्ध केला, आणि त्याबद्दल मुंबई विद्यापीठाने त्यांस डी. लिट. ही पदवी दिली. फार्सी-मराठी कोश रचणाऱ्या याच पंडिताने पुढे भाषाशुद्धीचा कैवार घेतला. तेथे मात्र आमचे त्यांच्याशी जमत नाही, कारण फार्सी शब्द वगळल्यास पेठेतील जमाखर्च लिहावा कसा?

२९ नोव्हेंबर १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. खय्यामचेच तिसरे रूपांतर 'मधुलहरी' १९४० साली छापून बाहेर आले, तेव्हा ते पाहावयास कवी नव्हता.